पाणंदीची वाट आणि सायकलवरचा वाटसरू

गेल्या कांहीं वर्षांत, खरिपाची सुगी उरकून थंडी पडूं लागली म्हणजे, सुटीच्या दिवशीं सकाळीं आपल्या पाणंदींतून एक नवीन प्रकारचा वाटसरू जातांना दिसतो. त्याच्याजवळ जाड टायरांची सायकल असते, दांड्याला एक लहानशी पिशवी बांधलेली असते, आणि डांबरी सडक जवळ असतांहि तो मुद्दाम मुरुमाच्या व मातीच्या वाटेनें जातो. शेतांत काम करणारा माणूस हा रस्ता चुकला असावा असें समजून त्याला सडक दाखवितो, आणि "सडक नकोच" असें उत्तर ऐकून चकित होतो. कित्येकांस ही श्रीमंतांची चैन वाटते. कित्येकांस, हा जमिनी पाहावयास आलेला दलाल तर नसेल, असा संशय येतो. या वाटसरूविषयीं शेतकरीवर्गानें काय धोरण ठेवावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटांत आपल्या शेतरस्त्यांचा मोठा प्रश्न दडलेला आहे. म्हणून त्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. आपल्या गांवच्या पाणंदी व गाडीवाटा पूर्ण रुंदीनें मोकळ्या ठेवाव्या. त्यांवर मुरूम घालून त्या बारमाही कराव्या. परंतु डांबर घालून परक्या मोटारींची वर्दळ ओढवून घेऊं नये. आणि अशा वाटेनें जो सायकलवाला जातो त्यास अडवूं नये, तर शिस्तीच्या अटीवर त्याचें स्वागत करावें. यांत त्याच्यावर उपकार नसून आपलाच स्वार्थ आहे.

प्रथम हा मनुष्य डांबर सोडून मुरूम कां शोधतो, तें पाहूं. हमरस्त्यावर मालमोटारी, प्रवासी गाड्या व उसाचे ट्रॅक्टर यांच्या गर्दींत सायकलवाल्यास जीव मुठींत धरून चालावें लागतें. धूर, कर्णे आणि भरधाव वेग यांपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. शेतवाटेवर तो निर्भय असतो. शर्यतीच्या सडकेवरील सायकलीचें टायर साधारणतः २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतें. या नव्या सायकलीचें ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद असून त्यांत हवा कमी दाबानें भरतात, त्यामुळें तें खड्यांवर उसळत नाहीं व सैल मातींत फारसें रुतत नाहीं. शिवाय आपल्या मुलुखाचा इतिहास हमरस्त्याच्या कडेला थोडाच आहे! सातारा जिल्ह्यांतील लिंब येथील बारामोटेची विहीर इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत बांधली गेली. ती शेतमळ्यांच्या मध्यें आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा व कृष्णेवरचा घाट आहे. जुन्नरच्या पश्चिमेस, कोंकण व देश यांस जोडणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांचे ब्राह्मी लेख आहेत. अशा स्थळांच्या आसपास ज्या जुन्या वाटा उरल्या आहेत, त्यांपैकीं पुष्कळ आज आपल्या शेतवाटाच आहेत. पूर्वजांच्या गाड्या व लमाणांचे तांडे ज्या वाटांनीं गेले, त्यांनींच हा नवा प्रवासी जाऊं पाहतो.

हा प्रकार आपल्याकडे नवा असला तरी इतर देशांतील कुणब्यांस तो ठाऊक झाला आहे. अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांत फ्लिंट हिल्स नांवाचा गवताळ टेकड्यांचा प्रदेश आहे. जमिनीच्या पोटांत थोडक्यावर दगड लागत असल्यामुळें तेथें नांगर चालला नाहीं, आणि गुरचराई टिकली. त्या कुरणांमधून जाणाऱ्या खडीच्या शेतरस्त्यांवर एम्पोरिया या लहानशा शहरीं २००६ पासून सायकलींची २०० मैलांची शर्यत होते, व तीसाठीं आतां देशोदेशींचे लोक येतात. परंतु आपल्यास अधिक बोधप्रद उदाहरण इटलीचें आहे. तेथें तोस्काना प्रांतांत द्राक्षमळे व जैतुनाच्या बागा यांमधून पांढऱ्या खडीच्या वाटा जातात. त्यांस ते लोक 'स्त्रादे ब्यांके' म्हणजे पांढरे रस्ते असेंच म्हणतात. या वाटा एकामागून एक डांबराखालीं जाऊं लागल्या, तेव्हां जियानकार्लो ब्रोची नांवाच्या गृहस्थानें १९९७ सालीं गायोले-इन-कियांती या गांवीं जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षीं अवघे ९२ लोक होते. पुढें ती फेरी जगप्रसिद्ध झाली. आणि तिच्यापासून स्फूर्ति घेऊन २००७ पासून सिएना शहराच्या जुन्या चौकांत संपणारी धंदेवाईक स्वारांची शर्यतहि सुरू झाली. तिचें नांवच आज त्या पांढऱ्या रस्त्यांवरून पडलें आहे. ज्या वाटेस मागासलेपणाची खूण समजत, तीच प्रांताचें भूषण ठरली. आणि तिजवरून शेतकऱ्याचा माल जावयाचा तोहि जातच राहिला.

आतां आपल्या घरचा विचार करूं. महसूल दप्तरांत नोकरी केलेल्या मनुष्यास गांवनकाशाची ओळख असते, म्हणून ही बाब थोडी विस्तारानें मांडतों. आपल्या जुन्या मोजणीच्या नकाशांत गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनें व पायवाट तुटक एकेरी रेषेनें दाखविण्याची पद्धति आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे आणे १६. त्या मापानें पायवाट साधारणतः ४ आणे म्हणजे ८। फूट, व गाडीवाट ८ आणे म्हणजे १६॥ फूट किंवा त्याहून कांहीं अधिक रुंद धरलेली असते. आजच्या घडीस गांवोगांव पाहावें तर १६॥ फुटांच्या जागीं आठ फूट आढळली तरी भाग्य! कित्येक ठिकाणीं दोन्ही बाजूंच्या ताली पुढें सरकून मध्यें केवळ पाण्याचा चर उरला आहे.

हें अतिक्रमण कोणी एका रात्रींत करीत नाहीं. दर साल नांगरटीचे वेळीं एक तास अधिक घेतला जातो, एवढेंच. आणि त्यापासून लाभ तरी किती? १६॥ फूट रुंदीची वाट एक फर्लांग, म्हणजे ६६० फूट लांब धरल्यास तिचें क्षेत्र बरोबर १० गुंठे होतें; एक मैलाचें ८० गुंठे, म्हणजे २ एकर. मैलभर वाटेच्या दोन्ही बाजूंस मिळून वीस खातेदार असले, आणि त्यांनीं सर्वच्या सर्व वाट गिळली, तरी प्रत्येकाच्या वांट्यास सरासरी ४ गुंठे येतात. या ४ गुंठ्यांसाठीं वाटेच्या टोंकाकडील शेंकडों एकर जमीन अडकून पडते. तोड झाली तरी ऊस बाहेर काढतां येत नाहीं, मळणीयंत्र आंत येत नाहीं, आणि शेतांत कोणास सर्पदंश झाला तर गाडी बांधापर्यंत पोहोंचत नाहीं. ज्याची जमीन सडकेलगत, त्याला याची झळ लागत नाहीं. झळ लागते ती शेवटच्या खातेदारास, आणि बहुधा तोच दुर्बळ असतो. नोकरींत असतांना रस्त्याच्या तक्रारींचीं जीं प्रकरणें नजरेखालून गेलीं, त्यांपैकीं एका गांवच्या प्रकरणांत वाट बंद झाल्यामुळें एका खातेदाराचा ऊस कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत उभाच राहिला होता. ज्यांनीं वाट बंद केली ते त्याचेच भाऊबंद होते. त्यांच्या पदरांत पडली एक सरी. त्याचें गेलें वर्षाचें उत्पन्न.

कायदा नाहीं असें नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणें शेतकऱ्यास दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतांत जाण्याचा हक्क आहे कीं नाहीं, याची चौकशी तहसीलदार करतात, आणि शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून निर्णय देतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खालीं दाद मागतां येते; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. ही मुदत पुष्कळांस ठाऊक नसते, आणि गोडीगुलाबींत वर्ष निघून जातें. सरकारनेंहि २०१८ व २०२१ सालीं शेत व पाणंद रस्त्यांच्या योजना काढल्या. परंतु कायदा व योजना कागदावर असतात. वाट जमिनीवर असावी लागते. ज्या वाटेनें रोज माणसें जातात तीच जमिनीवर जिवंत राहते. चौकशीच्या वेळीं स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, साक्षी घेतल्या जातात. तेव्हां चाकोरी दिसणारी वाट स्वतःच साक्ष देते, आणि बाभळी माजलेल्या वाटेकरितां साक्षीदार शोधीत फिरावें लागतें.

येथें सायकलवाल्याचा संबंध येतो. तो वाट झिजवीत नाहीं, पण ती वापरांत ठेवतो. तो परगांवचा असल्यामुळें गांवच्या तटांपैकीं कोणत्याहि तटाचा नसतो. आणि जेथें वाट बंद आढळते तेथें, ती कां बंद आहे असें उघड विचारतो. जो प्रश्न शेजाऱ्यानें शेजाऱ्यास विचारला तर वैर होतें, तो परक्यानें विचारला तर गांवास विचार करावा लागतो. इंग्लंडांत या गोष्टी कशा चालतात त्या लक्षांत घेण्याजोग्या आहेत. तेथें १९४९ च्या कायद्यानें सार्वजनिक पायवाटा व घोडवाटा नकाशावर पक्क्या नोंदण्यास आरंभ झाला. १९६८ च्या कायद्यानें घोडवाटांवर सायकलींस मुभा मिळाली, परंतु पायीं चालणारास व घोडेस्वारास आधीं वाट द्यावी, अशी अट घातली. आणि १९९० च्या कायद्यानें शेताच्या मधून जाणारी वाट नांगरल्यास पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत, व पुढील प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती पूर्ववत् करून देणें शेतकऱ्यावर बंधनकारक केलें. शेताच्या कडेची वाट तर नांगरावयाचीच नाहीं. तेथील शेतकरी जमिनीचा कमी लोभी आहे असें नव्हे; परंतु वाट पाहणारे डोळे अनेक असल्यामुळें ती गिळणें त्यास जड जातें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हे लोक पिकांत शिरतील, फळें तोडतील, फाटक उघडें टाकतील आणि गुरें पिकांत जातील. ही भीति निराधार नाहीं. म्हणूनच मोकळीक द्यावयाची ती नकाशावरील सार्वजनिक वाटेवर. कोणाच्या खाजगी बांधावर नव्हे. कलम १४३ चा हक्क शेतकऱ्याचा आहे, सहलीला आलेल्या माणसाचा नाहीं, हें स्पष्ट सांगावें. वाटेची हद्द जितकी स्वच्छ, तितका पिकांस उपद्रव कमी. वाट नाहींशी झाली म्हणजेच माणूस पिकांतून चालतो.

दुसरा आक्षेप असा कीं, यांच्या मागोमाग जमिनीचे दलाल येतील. दलाल सायकलीवरून येत नसतो. तो मोटारींतून येतो, आणि डांबर जेथें संपतें तेथें त्याची मोटारहि बहुधा थांबते. यावरून तिसऱ्या आक्षेपाचेंहि उत्तर निघतें. "मुरूम कशाला, डांबरच करा," असें ग्रामसभेंत ज्याच्या त्याच्या तोंडीं असतें. गांवास जोडणारी मुख्य सडक डांबरी असावी, यांत वाद नाहीं. परंतु शेतांतल्या वाटेस डांबर घातलें कीं तिचा आडरस्ता होतो. दोन हमरस्त्यांमधील अंतर वांचविण्यासाठीं परक्या गाड्या तिजवरून धांवूं लागतात. बैलांस, शेळ्यांस व शाळेच्या पोरांस धोका उत्पन्न होतो. आणि मग प्लॉट पाडणारे येतात. शिवाय काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवरील डांबराचा पातळ थर फार दिवस धड राहत नाहीं. एकदां तो फुटला म्हणजे गांवास दुरुस्त करतां येत नाहीं. ठेकेदाराची वाट पाहावी लागते. मुरुमाच्या वाटेस खळगा पडला तर दोन गाड्या मुरूम व चार माणसें पुरतात.

सायकलीनें वाट खराब होईल, असें कोणी म्हणेल तर त्यानें थोडें गणित करावें. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत पक्क्या रस्त्यांची जी मोठी कसोटी झाली, तीवरून असें ठरलें कीं, रस्त्याची हानि आंसावरील भाराच्या सुमारें चौथ्या घातानें वाढते. माणसासह सायकलीच्या एका चाकावर ५० किलो व उसाच्या ट्रॉलीच्या एका आंसावर ५ टन भार धरला, तर भार १०० पट होतो, आणि हानि १० कोटी पट. मुरुमाच्या वाटेस हें गणित जसेंच्या तसें लागू होणार नाहीं हें खरें. परंतु दोहोंत किती अंतर आहे, तें समजण्यास एवढें पुरें.

चौथा प्रश्न रोकडा आहे: यांपासून आम्हांस मिळणार काय? दिवसभर सायकल चालविणारास भूक व तहान सपाटून लागते. पिठलें-भाकरी, ताक, उसाचा रस, हुरडा, भुईमुगाच्या शेंगा, मोसमाचीं फळें, हें सर्व आपल्या बांधावरच तयार असतें; त्यासाठीं बाजाराची हमाली व दलाली लागत नाहीं. इटलींत १९८५ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या घरीं पाहुणे ठेवून दाम घेण्याची मुभा दिली. मात्र शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, अशी अट घातली. ती अट मोलाची आहे. आपल्या सरकारनेंहि २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. या उत्पन्नानें कोणी सावकार होणार नाहीं, आणि त्याच्या आशेनें कोणी शेती टाकूं नये. परंतु हंगामाच्या मोकळ्या दिवसांत घरांत चार पैसे येत असतील तर ते झिडकारण्याचें कारण नाहीं.

रानाच्या कडेच्या गांवांनीं मात्र एक सावधगिरी बाळगावी. जंगलांतील वाट व शिवारांतील वाट यांचा कायदा एक नाहीं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २५ प्रमाणें राखीव जंगलांतील वाट सरकारच्या मंजुरीनें बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यास आहे. मात्र तिच्या जागीं दुसरी सोयीची वाट असावी किंवा करून द्यावी लागते. अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें बाहेरच्या माणसास परवानगीवांचून प्रवेशच नाहीं. तेव्हां जंगलांतून जाण्यास पाहुण्यानें आधीं वनखात्यास विचारावें, आणि गांवकऱ्यांनीं हौसेपोटीं त्यास भलत्या वाटेनें घालूं नये. उन्हाळ्यांत विडीची एक ठिणगी सारें गवत जाळते, आणि ठपका गांवावर येतो. सूर्यास्तानंतर रान जनावरांचें असतें, हें आपल्यास सांगावयास नको. पाहुण्यास सांगावें लागतें.

आतां कर्तव्य काय तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, गांवनकाशाची नक्कल काढून प्रत्येक गाडीवाट नकाशाप्रमाणें मोजून घ्यावी, आणि दोन्ही बाजूंस दगड रोवावे. हें काम पीक उभें नसतांना, भाऊबंद एकत्र बसवून, समजुतीनें करावें. समजुतीनें न झालें तरच अर्ज करावा, पण मुदत टाळूं नये. दुसरें, वाट बांधतांना नुसता मुरूम पसरूं नये. काळी माती असेल तेथें खालीं दगडाचें सोलिंग करावें, वर मुरूम घालून पाणी मारून रूळ फिरवावा, मधला भाग कडांपेक्षां उंच ठेवावा, दोन्ही बाजूंस चर काढावे, आणि ओढ्यावर फरशी करावी. वाटेचा खरा शत्रु चाक नसून सांचलेलें पाणी होय. तिसरें, कडेला आंबा, चिंच, करंज, कडुनिंब लावावे. सावली वाटसरूस, आणि उत्पन्न गांवास. चौथें, वाटेच्या तोंडाशीं पाटी लावावी: शेतकऱ्यांचीं वाहनें, बैलगाड्या, पादचारी व सायकली यांकरितांच ही वाट आहे, बैलगाडीस व गुरांस आधीं वाट द्यावी, फाटक उघडलें तर लावावें, पिकास हात लावूं नये, कचरा टाकूं नये, पावसांत वाट मऊ असतांना येऊं नये. आणि पाटीवरचे नियम जसे पाहुण्यास, तसेच गांवांतील मोटारसायकली उडविणाऱ्या तरुणांसहि लागू करावे. नाहींतर त्यांस कोणी मान देणार नाहीं.

यांतील एकहि काम सायकलवाल्याकरितां म्हणून करावें लागत नाहीं. मोजणी, मुरूम, चर, झाडें हीं सर्व शेवटच्या बांधावरील खातेदाराच्या उपयोगाचीं आहेत. शहरचा प्रवासी त्याच वाटेनें जाईल, एवढेंच. परंतु ज्या वाटेनें परका मनुष्य निर्धास्त जाऊं शकतो, ती वाट गांवच्या दुर्बळ माणसासहि निश्चित मोकळी असते, ही कसोटी फसावयाची नाहीं. वडिलांनीं जमिनीबरोबर या वाटाहि आपल्या हवालीं केल्या. जमिनीच्या वांटण्या झाल्या, आणि पुढेंहि होतील. वाटेची वांटणी होत नसते. ती एकतर सर्वांची राहते, नाहींतर कोणाचीच राहत नाहीं. येत्या उन्हाळ्यांत, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीं, प्रत्येक गांवानें निदान एक पाणंद तरी नकाशाप्रमाणें मोकळी करावी, एवढी सर्व शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.